मागची सीट

जर्मनीतल्या नेकारसुल्महून क्रोएशियातल्या आमच्या घराकडे निघालो की ऊर्मिला म्युनिकपर्यंत माझ्या शेजारी बसायची. म्युनिक मागे पडलं की गाडी लागू नये म्हणून गोळी घ्यायची आणि मागच्या सीटवर आडवी व्हायची. अंगावर तिच्या आईने शिवलेली गोधडी. डोंगर, बोगदे, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, सगळं तिच्या झोपेतच जायचं. मी एकटा गाडी चालवायचो आणि तिच्याशी बोलायचो. झोपलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. घरी मला फारसं बोलता येत नाही.

घर म्हणजे मोठं काही नाही. दोन खोल्या आणि वर गच्ची. समुद्रही तिथून दिसत नाही, टेकडीआड आहे. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, श्रीमंत झालेत, परदेशात बंगला घेतला. पण ऊर्मिलाने ते घर उन्हासाठी पसंत केलं होतं. नेकारसुल्मच्या आमच्या बाल्कनीत पापड वाळत नाहीत, त्यांना वास येतो. क्रोएशियाच्या त्या गच्चीवर तीन दिवसांत कुरडया खडखडीत वाळायच्या. दर जूनमध्ये ती वर्षाचं वाळवण करायची आणि डबे भरून इकडे सगळ्यांना वाटायची. आम्ही समुद्रावर फार तर एकदा जायचो.

ती गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेली. सासूबाईंचा व्हिसा वेळेत झाला नाही. त्यांनी पुण्यात बसून फोनवर सगळं पाहिलं. या मे महिन्यात त्या आल्या. वासंती त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. बॅगेत साड्या कमी आणि पितळी सोऱ्या मोठा. म्हणाल्या, "मला ती गच्ची दाखवा, श्रीपादराव. एकदा तिथे कुरडया घालीन आणि परत जाईन. पुन्हा काही माझं येणं व्हायचं नाही."

अन्वी, आमची मुलगी, म्युनिकला नोकरी करते. तिला हे पसंत नव्हतं. ऊर्मिला गेल्यापासून माझी विसरभोळी कामं तिने मोजून ठेवली होती. मी एकदा गाडी बाजारात ठेवून बसने घरी आलो होतो. एकदा दुधाऐवजी भांड्यात तेल तापवलं होतं. "बाबा, तू इतक्या लांब गाडी चालवायची नाहीस, आणि ते घर विकून टाकू," असं ती फेब्रुवारीपासून म्हणत होती. मी तिला म्हटलं, आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात काम केलंय, मला गाडी शिकवू नकोस. शेवटी ती म्हणाली, "आल्झो गूट, ठीक आहे. ही एक ट्रिप. काही झालं तर किल्ली माझ्याकडे." मी हो म्हटलं. काय होणार होतं?

सकाळी निघालो. सासूबाई पुढे बसल्या आणि प्रश्न विचारत राहिल्या. या शेतात काय पेरतात? ती माणसं एवढ्या जोरात का चालवतात? ऊर्मिला कुठली गोळी घ्यायची? शेवटी ती जेवत होती का? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "थोडं थोडं." त्यांनी तोच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. म्युनिकनंतर त्यांचे पाय दुखायला लागले, तेव्हा मीच सुचवलं की मागे आडव्या व्हा. त्यांनी गोधडी पांघरली आणि डोळे मिटले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

कीम्झे तलाव मागे पडल्यावर रास्टश्टेट लागलं, हायवेवरचा थांबा. तिथे पेट्रोल भरलं, गाडी पार्किंगला लावली. सासूबाई जाग्या झाल्या, बाथरूमला जाऊन येते म्हणाल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, पैसे टाकून तिकीट काढून दिलं.

"इथे मोरीत जायलाही तिकीट?" त्या म्हणाल्या. "आणि तपासायला टी.सी. नाही का बसवला?"

मी हसलो आणि ऑस्ट्रियाच्या रस्त्यांच्या टोलचं स्टिकर घ्यायला दुकानात गेलो. ते काचेवर चिकटवायचं काम ऊर्मिलाचं. बुडबुडा न येऊ देता ती नखाने सरळ करायची. मी गाडीत बसलो, स्टिकर चिकटवलं, बुडबुडा आला. नखाने घासत राहिलो, गेला नाही. आरशात पाहिलं. मागे गोधडी, तिच्याखाली उंचवटा. मी गाडी सुरू केली आणि निघालो.

मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. रस्ता तोच, डोंगर तेच, मागे गोधडी. मी बोलायला लागलो.

म्हटलं, बुडबुडा राहिला बघ, तुझ्यासारखं जमत नाही. म्हटलं, अन्वी घर विकायचं म्हणतेय. आणि म्हटलं, तुझी आई फार प्रश्न विचारते गं. माझ्याकडे उत्तरं नाहीत. ती माझ्याकडे बघते तेव्हा मला वाटतं, मी तुला मारलं असं तिला वाटतं. लवकर परत गेली तर बरं.

हे सगळं मोठ्याने बोललो. बोलून बरं वाटलं.

सरहद्द ओलांडली. साल्झबुर्गच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा अन्वीचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज.

"बाबा, कुठे आहेस?"

"ऑस्ट्रियात शिरलोय. रस्ता मोकळा आहे."

"सगळं ठीक?"

"हो हो. हळू बोल, ऊर्मिला झोपलीय मागे."

मला वाटलं फोन कट झाला.

"बाबा," ती म्हणाली. मग जर्मनमध्ये, अगदी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशी: गाडी उजव्या लेनमध्ये घे. वेग कमी कर. "आजी रास्टश्टेटवर आहे. एका बाईच्या फोनवरून आत्ता माझ्याशी बोलली."

मी आरशात पाहिलं. गोधडी तशीच होती. खोटं कशाला बोलू, तरीही क्षणभर मला अन्वीचाच राग आला.

मग पहिल्या फाट्यावर उतरलो, पुलाखालून वळलो, परत जर्मनीच्या दिशेने लागलो. पण जर्मनीत शिरताना आता पोलीस तपासणी असते. गाड्यांची रांग. एकोणऐंशी वर्षांची बाई, भाषा येत नाही, हिंदुस्थानातलं सिम इथे चालत नाही, आणि तिचा पासपोर्ट माझ्या फाइलमध्ये. मी रांगेत बसून होतो.

पोलीस तरुण होता. मी घाईत फाइलच त्याच्या हातात दिली. त्याने माझा पासपोर्ट पाहिला, मग दुसरा उघडला.

"या बाई कुठे आहेत?"

"रास्टश्टेटवर. माझ्या सासूबाई. मी त्यांना विसरलो."

"विसरलात?"

"हो."

तो दुसऱ्या पोलिसाकडे बघून म्हणाला, "सासूला असं विसरून यायला काही लोक पैसे मोजतील." दोघे हसले. मग त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. या हद्दीवर गाड्यांत माणसं लपवून आणतात, तेच ते शोधत असतात.

"ब्लँकेटखाली कोण आहे?"

"कोणी नाही."

"उतरा. ब्लँकेट तुम्ही स्वतः काढा."

मी मागचं दार उघडलं. मागच्या गाडीतली माणसं बघत होती. माझा हात गोधडीपर्यंत गेला आणि थांबला. पोलिसाने पुन्हा सांगितलं. मी गोधडी काढली. खाली उशी होती, आणि कुरडयांसाठी घेतलेली गव्हाची पिशवी. बस. मी उशी उचलून दाखवली, पिशवी दाखवली, तो पुरे म्हणाला तरी मी गोधडी उलटीसुलटी करून दाखवत राहिलो. शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. जा तुम्ही. सावकाश जा."

रास्टश्टेट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं. समोरून त्याची पाटी गेली, पण तिकडे जायला आणखी पुढे जाऊन, फाट्यावर वळून परत यावं लागलं. पोचलो तेव्हा पार्किंग भरून वाहत होतं. गाड्या जागेसाठी गोल गोल फिरत होत्या. एकच जागा रिकामी होती.

त्या जागेत जमिनीवर शाल अंथरली होती आणि शालीच्या कडेला सासूबाई उभ्या होत्या. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, एक हात आडवा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्यांनी माझी जागा धरली होती. एक मोठी गाडी हॉर्न वाजवत होती. त्या मान हलवून नाही म्हणत होत्या.

मला पाहिल्यावर त्यांनी शाल उचलली, झटकली आणि हाताने मला आत घेतलं, वॉचमन घेतो तसं.

मी उतरलो.

"इथेच होती ना गाडी?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, येतील तेव्हा लावणार कुठे? एक दाढीवाला भांडला माझ्याशी. मीही भांडले, मराठीत. गेला."

"आई, मला माफ करा."

"आधी पाणी द्या."

पाणी पिताना बाटली त्यांच्या दातांवर वाजत होती. ते मी पाहिलं. त्या घाबरल्या नव्हत्या असं नाही. फक्त त्यांनी ते मला सांगितलं नाही, आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"असं कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मला वाटलं मागे ऊर्मिला झोपलीय.

त्या बराच वेळ गाडीच्या काचेतून मागच्या सीटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलत होतात तिच्याशी?"

"हो."

"काय?"

खोटं बोलायची हिंमतही उरली नव्हती. "तुमच्याबद्दल."

"म्हणजे वाईटच."

"हो."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तीही फोनवर हेच म्हणायची, आई, किती प्रश्न विचारतेस." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा लावला. "आता इथून हलायची नाही मी. दिसेन तरी."

अन्वीला फोन केला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की ती ट्रेनने जवळच्या ट्राउनश्टाइनला येतेय, मी तिथपर्यंत उजव्या लेनने यायचं आणि स्टेशनवर थांबायचं. मी म्हटलं, आपण सगळे घरी परत जाऊ. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"परत बिरत कोणी जाणार नाही. गहू भिजवायचेत. तू ये आणि चालव."

स्टेशनबाहेर अन्वी आली, पाठीवर लॅपटॉपची बॅग, ऑफिसचेच कपडे. ती आधी आजीच्या गळ्यात पडली. मग माझ्यासमोर हात पसरला. मी किल्ली ठेवली. चौसष्टाव्या वर्षी मुलीच्या हातावर किल्ली ठेवताना मी इकडे तिकडे बघितलं, कोणी बघत तर नाही ना. सासूबाईंनी तेवढ्यापुरती पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं.

"मागे आडवा हो, बाबा. थकलायस," अन्वी म्हणाली.

मी त्या सीटवर कधी बसलोही नव्हतो. आडवा झालो. गोधडी पायांवर घेतली.

मागे पडल्यावर रस्ता दिसत नाही. विजेच्या तारा दिसतात, डोंगरांचे माथे, बोगद्यातले दिवे एकामागून एक. आणि चालवणाऱ्याच्या डोक्याची मागची बाजू. चाकांचा आवाज पाठीतून येतो. मी डोळे मिटले, पण झोप काही येईना. पुढच्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आजी, ते घर विकायलाच हवं," अन्वी म्हणत होती. "बाबाला एकट्याने नाही जमणार. आज बघितलंस ना."

"बघितलं. या वर्षीच्या कुरडया होऊ देत. पुढे काय ते तुम्ही ठरवा."

"मी फोनवर ऐकलं तेव्हा... तो म्हणाला ऊर्मिला झोपलीय."

"तिला कुठली झोप येतेय गाडीत," सासूबाई म्हणाल्या.

"मम्मी झोपायची ना. गोळी घेऊन."

"गोळीने मळमळ थांबायची तेवढी. झोपबीप काही नाही. मला सांगायची ती. म्हणायची, आई, हे एरवी तोंड उघडत नाहीत. गाडीत मी झोपले असं वाटलं की मनातलं सगळं बोलतात. म्हणून मी डोळे मिटून पडते. नाहीतर मला कळणार कसं, यांच्या मनात काय आहे ते."

अन्वीने लेन बदलली.

मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. दहा वर्षं मी या रस्त्याने काय काय बोललो होतो. तिच्या माहेराबद्दल, मला कंटाळा आलेल्या गोष्टींबद्दल. गेल्या जूनमध्ये तिच्या खोकल्याबद्दलसुद्धा, की रात्रभर झोपू देत नाहीस, लाज कशी वाटत नाही तुला. तेव्हा खोकल्याचं कारण अजून कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी पोचल्यावर ती उतरली होती, आणि मला वाटलं होतं की झोपेने तिचा चेहरा सुजलाय. मी म्हटलं होतं, छान झोप झाली ना? ती हो म्हणाली होती. आणि त्या रात्रीपासून ती गच्चीवर झोपली. म्हणाली, वाळवणावर मांजर येतं.

बोगदा आला. दिवे छतावरून सरकायला लागले.

"श्रीपादराव," पुढून सासूबाईंनी विचारलं, "झोपलात का?"

मी डोळे मिटून पडून राहिलो.