कवड्यांची दोरी कुणाकडे?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी परात आहे, पण पीठ मळायची नव्हे. आमच्या फिजीत मला तानोआ म्हणतात. कबारा बेटावरच्या कारागिराने वेसी नावाच्या झाडाच्या एका ओंडक्यातून मला कोरलं, चारही पायांसकट. अंगाला सांधा म्हणून नाही. हल्ली बाजारात खिळे ठोकलेल्या पराती मिळतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

यंगोनाच्या मुळ्यांची पूड माझ्यात पाण्यात कालवतात आणि ते पेय करवंटीतून प्यायला माणसं भोवती मांडी घालून बसतात. माझ्या कडेला कवड्यांची दोरी आहे. तिचं टोक ज्याच्याकडे, त्याचा त्या दिवशी मान. आणि मला कुणी ओलांडायचं नाही. लग्नं, मयतं, समेट, सगळं मी पाहिलं; पण सर्वांत जास्त ऐकली ती रग्बी. गावात डॉक्टर नाही, प्रशिक्षक मात्र घरटी दोन.

त्या सोमवारी दुपारी मंडळी तापली होती. शनिवारी आपल्या देशाचा संघ सामोआकडून दोन गुणांनी हरला होता. शेवटच्या मिनिटाला बाजूचा गडी मोकळा असताना एरोनीने त्याला चेंडू दिला नाही, लाथेने पुढे उडवला आणि घालवला. एरोनी ह्याच घरचा, सालासेईनी बूबूचा नातू; बूबू म्हणजे आजी. सकाळीच तो घरी आला होता. चारच्या बसने संघाकडे परत जायचं होतं, पण जाणार नाही म्हणत तो दाराशी बसला होता. त्याच्याकडे कुणी बघेना.

विलिकेसा मास्तरांचं म्हणणं, आपली आघाडीची फळी शेवटी दमते, तेव्हा चेंडू लांब उडवण्यात चूक नाही. एरोनीचा मामा आपिसाय ऐकेना. लाथा थंड देशांतल्यांनी माराव्यात, आपल्याला देवाने हात कशाला दिलेत? अंगावर आलेल्याला कसं चकवायचं, ते दाखवायला तो उठला. डावीकडे झुकला, उजवीकडे वळला आणि थेट मला ओलांडून पलीकडे गेला.

आपिसायचा चेहरा उतरला. गुडघ्यांवर बसून, पोकळ हातांनी टाळ्या वाजवून त्याने माफी मागितली.

“दिली,” बूबू म्हणाली. “पन्नाशी गाठलीस, आपिसाय. परात जागची हलत नाही, तरी तुला दिसली नाही. त्या पोराच्या अंगावर तर तिघं धावत होते.”

मग मास्तरांकडे असलेली माझी दोरी तिने उचलली आणि दाराकडे टाकली.

“एरोनी, पुढे ये.”

“बूबू, परत तसंच झालं तर?”

“तर परत घरी येशील. दोरी काही तुटलेली नाही.”

एरोनी पुढे सरकला. रीतीप्रमाणे एक टाळी वाजवून त्याने करवंटी एका दमात रिकामी केली. चारच्या बसपर्यंत त्याची बॅग आपिसायने उचलली, आणि चेंडू कधी सोडायचा ते वाटभर शिकवलं. सुधारेल तो आपिसाय कसला?

आता घरात प्लास्टिकची बादली आली आहे. घाई असली की तीच पुढे करतात. करू देत, बादलीला दोरी नसते. मित्रांनो, मला धुऊन सावलीत पालथी ठेवत जा, उन्हात मी तडकते. संघ हरला तर वादही खुशाल घाला. फक्त त्याआधी दाराशी कोण बसलंय ते बघा, आणि दोरी तिकडे टाका.