लहरीबाबांचा बॅकअप

स्कॅनसाठी आलेली माणसं आपला नंबर विसरून काउंटरभोवती गोळा झाली होती. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणी गाऊन घालूनच उठून आलेलं. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यातले लहरीबाबा.

"बघा, ही एका माणसाच्या छातीच्या स्कॅनची फाइल. मी ती पुसतो."

पुसली. फोल्डर रिकामा झाला. मग डोळे मिटून त्यांनी शेजारच्या सर्व्हरवर तळहात ठेवला. "खालच्या मजल्यावरच्या भावंडा, ऐक! वरच्याचं वरच्याला दे. लहर उठली... लहर निघाली... लहर जिन्यात आली..."

जिन्यात ती जरा रेंगाळली खरी, पण फाइल परत दिसायला लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या दादाचे डोळे तर पाणावलेच.

हे स्कॅन सेंटर दादाचं आणि माझं. दोघंही डॉक्टर, संगणकाची कटकट माझ्या गळ्यात. सगळे स्कॅन वरच्या सर्व्हरमध्ये असतात. जुन्या स्कॅनशी ताडून पाहिल्याशिवाय एखादा डाग वाढला की नाही ते कळत नाही, म्हणून मी खालच्या मजल्यावर दुसरा सर्व्हर बसवला. वरच्यातलं रोज रात्री आपोआप खालच्यात उतरावं, एवढंच हवं होतं. आधी खालचा वरच्याला आत घेईना. मग आत घेतलं, पण लिहू देईना. डोकं आपटत कसंबसं जमवलं. फक्त पहिली संपूर्ण कॉपी राहिली, आणि तिच्यामुळे दिवसभर काम मंदावणार होतं.

"या आठवड्यात गर्दी आहे गं," दादा म्हणायचा. प्रत्येक आठवड्यात तेच.

तेवढ्यात वहिनीच्या कुठल्याशा ओळखीतून हे बाबा आले. दोन्ही सर्व्हरवर तांब्याच्या चकत्या चिकटवल्या, 'लहरी जुळवण्यासाठी' पासवर्ड मागून घेतला आणि मला म्हणाले, "ताई, ते आपोआपचं वेळापत्रक बंद करा. लहरी गुदमरतात."

दादाने मला ते बंद करायला लावलं!

महिनाभरात वरचा सर्व्हर केकाटायला लागला. आतली एक डिस्क मेली होती.

"दादा, एक गेली तर बाकीच्या निभावून नेतात, पण अजून एक गेली तर सगळं जाईल. आत्ता कॉपी सुरू करू दे."

"खाली आहे ना सगळं."

"खाली काहीही नाही! मी उघडून पाहिलंय."

"तुला दिसत नाही. गरजेला येतं. त्या दिवशी आलं की नाही?"

शिकलेला माणूस, रोज माणसांची हाडं आरपार बघतो, आणि हे बोलतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने फोन लावला तो बाबांनाच.

बाबा आले, गर्दी जमली, पुन्हा तोच खेळ. फाइल पुसली, लहर उठली, फाइल परत आली. टाळ्या थांबल्यावर मी विचारलं, "बाबा, फाइल कुठून आली?"

"खालच्या यंत्रातून."

"नक्की?"

"लहरी खोटं बोलत नाहीत, ताई."

"मग सगळेच खाली चला."

खालच्या खोलीत दिवा लावला. सर्व्हर बंद होता. त्याची वीज आणि नेटवर्कची वायर मी बाबा यायच्या आधीच काढून ठेवली होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा मात्र डगमगले नाहीत.

"लहरींना वायर कशाला लागते?"

आणि लोकांनी माना डोलावल्या! दादानेही. क्षणभर वाटलं, सगळं सोडून घरी जावं.

पण मी सगळ्यांना घेऊन वर आले आणि म्हणाले, "शेवटचं एकदा. फाइलची एक प्रत मी पेन ड्राइव्हवर ठेवली आहे, काळजी नको. आता मी फक्त या सर्व्हरचा पासवर्ड बदलते. लहरींना पासवर्ड लागत नसेलच."

बाबांनी फाइल पुसली. लहर उठली, निघाली, जिन्यात आली आणि तिथेच बसली. बाबांच्या कपाळावर घाम आला. बाहेरच्या बाकावर त्यांचा शिष्य मोबाइलवर भराभर बोटं मारत होता. शेवटी तो आत आला आणि बाबांच्या कानाशी लागला, पण घाईत आवाज मोठा निघाला, "अहो, आत शिरताच येत नाहीये!"

मग मी सगळ्यांसमोर सर्व्हरची लपलेली कचरापेटी उघडली. पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. काही दिवस त्याच सर्व्हरच्या पेटीत पडून राहते. पासवर्ड असलेला कुणीही बाकावर बसून ती परत ठेवू शकतो. मी बटण दाबलं, फाइल परत आली. "वरच्यातलीच वरच्यात," मी म्हणाले. "खालचा यात कधी नव्हताच. आणि हा सर्व्हरच मेला, की ही पेटीही त्याच्याबरोबर जाणार."

बाबा आणि शिष्य कधी सटकले ते कळलंही नाही. दादा खाली बघत म्हणाला, "सुरू कर."

खालच्याच्या वायरी पुन्हा जोडून मी कॉपी सुरू केली. नवे स्कॅन आधी, जुने नंतर. ताजे स्कॅन उतरले आणि वरच्यातली दुसरी डिस्क गेली. मागच्या सगळ्या वर्षांचे स्कॅन गेले ते गेलेच. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

पुढच्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. फुप्फुसात डाग होता. ऑपरेशन करायचं की नाही, ते मोठे डॉक्टर जुने स्कॅन पाहून ठरवणार होते.

"काकू, तुमचे जुने स्कॅन आमच्याकडून गेले," दादा म्हणाला.

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात, दोन ठिकाणी ठेवतो म्हणून."

"म्हणालो होतो. तपासलं नव्हतं."

"मग आता?"

"तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. तेव्हाच कळेल वाढतोय का ते."

"तीन महिने मी काय करू?" काकूंनी विचारलं.

तुमच्याकडे कुणी चकती, मंत्र किंवा नुसता हिरवा दिवा दाखवून 'सगळं सुरक्षित आहे' म्हणालं, तर भांडू नका. पहिलं यंत्र बंद करा आणि म्हणा, आता दुसऱ्यातून एक फाइल काढून दाखवा. ती उघडा, डोळ्यांनी बघा. माणूस खरा असेल तर त्याला राग येणार नाही. आणि राग आला, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालंच.