विरजणाला दिलेला रस्ता

मी एक जुनं स्टिअरिंग आहे, मित्रांनो, पण माझ्यामुळं खरं चाक कधी रस्त्यावर फिरलं नाही, की डिझेलचा थेंब जळला नाही. मी कॉम्प्युटरला जोडायचं, शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग. हसू नका हं! रस्ते मीही अनुभवलेत, आणि त्यातला एक तर असा, की तो आता जमिनीवर उरलेला नाही. त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. अंग प्लास्टिकचं, वर रबराचं कातडं, आणि पोटात एक छोटी मोटर. खेळातली गाडी खड्ड्यात आपटली की ती मोटर मला हिसका देते आणि धरणाऱ्याच्या हाताला वाटतं, खराच खड्डा आला. पुण्याच्या एका हौशी पोरानं मला घेतलं. हौस फिटल्यावर त्यानं मला माळ्यावर टाकलं. तिथून जुन्या बाजारात, आणि जुन्या बाजारातून परमेश्वर नावाच्या एका तरुणाच्या हातात. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्यानं मला एसटीनं परभणी जिल्ह्यातल्या झरीला आणलं.

झरीच्या बसथांब्याजवळ, घराच्याच पुढच्या खोलीत, परमेश्वरचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा काढा, पीकविमा भरा, आधार जोडा, हे त्याचं रोजचं काम. दुपारी गर्दी ओसरली की मी टेबलावर चढायचो. त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला होता.

"चाक आनलंस बाबा, पन ह्येचा टॅक्टर कुटं हाय?"

काय दिवस होते ते! मित्रांनो, खेळ बनवणारी कंपनी तिला वाटतील ते रस्ते आणि गाड्या देते. पण काही नादिष्ट माणसं स्वतःच्या हातानं नवा रस्ता, नवी गाडी घडवून त्या खेळात घालतात. त्या घडवलेल्या वस्तूला मॉड म्हणतात आणि घडवणाऱ्याला मॉडर. आमचा परमेश्वर मॉडर होता. त्यानं उसाचा एक ट्रक बनवला होता, मागच्या फळीवर लिंबू-मिरचीसुद्धा लटकवलेली. मोठ्या प्रेमानं तो कुठल्याशा ग्रुपवर टाकला, आणि थोड्याच दिवसांत एका भामट्यानं परमेश्वरचं नाव पुसून त्यावर स्वतःचं नाव घातलं. परमेश्वर दोन घास धड जेवला नाही त्या दिवशी. मलाही लय वाईट वाटलं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला, की आपलं काही कुणाला द्यायचं नाही.

परमेश्वरचे वडील भगवानराव एसटीचे ड्रायव्हर. उभी जिंदगी परभणी-जिंतूर रस्त्यावर गेली. निवृत्त झाले आणि पाठोपाठ लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. दवाखान्यातून आल्यावर ते सेंटरच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडं बघायचे. तो रस्ताही त्यांचा राहिला नव्हता. रुंद झाला, चकचकीत झाला आणि दोन्ही अंगांचे कडुलिंब, चिंचा, सगळं गेलं.

परमेश्वरनं मग तो जुना रस्ता कॉम्प्युटरमध्ये बांधायला घेतला. खड्डे मात्र त्याला जमेनात, म्हणजे माझ्या मोटरीला खड्डा कळेना. ते काम पूर्णेच्या शुभदाला येत होतं. रेल्वेतल्या माणसाची ही लेक, खेळासाठी आगगाड्या बनवणारी. परमेश्वरनं नाइलाजानं तिला नुसता उघडा रस्ता पाठवला, तिनं त्यात खड्डे बसवून परत दिला, आणि फोनवर म्हणाली, "भैया, गाडीतळावर टाका की हे. एकाच जागी सगळ्यांचं ऱ्हातंय, कुनी बनवलं त्येचं नाव फाइलीलाच बांधलेलं असतंय."

'गाडीतळ' म्हणजे मॉडर मंडळींनी मिळून उभं केलेलं संकेतस्थळ. परमेश्वर फटकन म्हणाला, "न्हाई बाई. एकदा हात पोळलाय माझा."

मग त्यानं एकेक झाड लावलं, एसटीची लाल गाडी बनवली आणि वडिलांना माझ्यासमोर बसवलं. उजवा हात त्यांनी स्वतः ठेवला, डावा परमेश्वरनं उचलून ठेवला. गाडी निघाली. पहिल्याच खड्ड्याला मी हिसका दिला आणि त्यांची डावी बोटं माझ्याभोवती आवळली! मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून मला इतकं कुणी घट्ट धरलं नव्हतं.

खेळ शर्यतीचा, पण भगवानरावांना ते कोण सांगणार? बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि आमची लाल गाडी प्रत्येक फाट्यावर थांबायची. रिकाम्या फाट्यावर ते ब्रेक दाबून माणसं चढायची वाट बघायचे. पडद्यावर दर वेळी शेवटचा नंबर. चहा घेऊन आलेल्या शेजारच्या धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "भगवानराव, रेस हाय का सर्विस?"

एक दिवस भगवानराव अडखळत बोलले. "प्या... प्यासिंजर सोडून... पळायचं असतंय व्हय?"

झटका आल्यापासून एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते. चांगुणाबाई रडायलाच लागल्या. त्यानंतर रोज दुपारी आमची फेरी ठरलेली. हाताला बळ येत होतं, तोंडात शब्द येत होते. माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस कुठले विचाराल, तर तेच.

पुढं भर उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली आणि आली ती भसकन आली. कॉम्प्युटरमधून धूर निघाला. माझी पिन काढलेली होती म्हणून मी वाचलो. आतली डिस्क जळाली. लाल गाडी, लिंब, चिंचा, सगळा रस्ता गेला. दुसरी प्रत नव्हती. चोरी होऊ नये म्हणून परमेश्वरनं कुठं ठेवलीच नव्हती ना!

नवा कॉम्प्युटर आला. परमेश्वरनं वडिलांना दुसरे रस्ते दाखवले, परदेशातले, गुळगुळीत. त्यांनी माझ्यावरचे हात काढून घेतले. पुन्हा दारातली खुर्ची, पुन्हा ते गप्प बसणं. डावा हात मांडीवर पडून राहू लागला. माझ्यावर धूळ साचली, आणि कुणीतरी मला पिशव्या अडकवायला वापरू लागलं.

त्या सुमारास एका सकाळी धुरपदाबाई वाटी घेऊन आल्या. "विरजन द्या वो जरा."

परमेश्वर आधीच वैतागलेला. "आई, रोज काय वाटतीस गं? आपल्याला तरी ऱ्हातंय का?"

चांगुणाबाईनं चमचाभर दही वाटीत घातलं आणि मग त्याच्याकडं वळल्या. "येड्या, तुझ्या बापाला घेऊन आमी दवाखान्यात व्हतो तवा घरातलं दही नासलं. आल्यावर विरजन कुनी दिलं? हिनंच. आन् हिच्याकडं कुटून आलं? माझ्याच गाडग्यातलं. दिलं व्हतं म्हनून वाचलं. झाकून ठिवलं असतं तर आज खाल्लं असतंस का दही?"

परमेश्वरनं माझ्यावरच्या पिशव्या काढून बाजूला ठेवल्या. मग एकदम फोन उचलला. "शुभदा, खड्डे बसवायला तुला रस्ता दिला व्हता, त्यो हाय का गं अजून?"

होता! फक्त उघडा रस्ता आणि तिचे खड्डे. म्हणजे झाडं गेली आणि खड्डे तेवढे शाबूत राहिले, अगदी आपल्याकडं चालतं तसं.

त्या दिवशी परमेश्वरनं तो रस्ता गाडीतळावर टाकला. सोबत लिहिलं, 'हा परभणी-जिंतूर जुना रस्ता. झाडं हरवली आहेत. कुणाला आठवत असतील तर लावा.' बटण दाबताना त्याचा दुसरा हात माझ्यावर होता.

आणि झाडं यायला लागली! जिंतूरचा एकजण नोकरीसाठी दूर गेलेला, त्यानं बोरीच्या अलीकडच्या चिंचा लावल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या सृष्टीनं, ज्या लिंबाखाली तिच्या घरची माणसं ट्रॅक्टरची वाट बघत बसायची, तो लिंब पाठवला. कुठल्या परक्या देशातल्या माणसानं लिंब जन्मात पाहिला नव्हता, तरी फोटो बघून पानं इतकी देखणी केली की खरी वाटावीत. प्रत्येकाचं नाव खाली, आणि सगळ्यांच्या वर, 'मूळ रस्ता : परमेश्वर भगवानराव, झरी'. ते कुणी पुसलं नाही. लाल गाडी शुभदानं नव्यानं बनवून दिली.

परमेश्वरनं माझी धूळ पुसली आणि वडिलांना हाताला धरून आणलं. त्यांचा डावा हात त्यानं उचलून माझ्यावर ठेवला. गाडी परभणीहून निघाली. लिंब आले, खड्डे आले, मी हिसके दिले. बोटं तशीच ढिली होती. माझा जीव टांगणीला लागला.

झरीचा फाटा आला. फाट्यावर एक बाई उभी होती. डोक्यावर टोपलं, एक हात वर केलेला. परमेश्वरनं तिला बनवलं नव्हतं, शुभदानंही नाही. रस्ता आठवणाऱ्या कुणीतरी तिला तिथं उभं करून ठेवलं होतं.

भगवानरावांची डावी बोटं माझ्याभोवती आवळली. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी बरोबर तिच्यासमोर थांबली.

"चढा माय," ते म्हणाले. "सावकाश चढा. गाडी थांबलेली हाय."

आता मी म्हातारा झालोय. रबर सोललंय, मोटर कण्हते. उद्या मी भंगारात गेलो तरी मला दुःख नाही, मित्रांनो, कारण रस्ता माझ्यात नाही, या कॉम्प्युटरमध्येही नाही, तो सगळ्यांत आहे. तुमच्यापैकी कुणी असे रस्ते, अशा गाड्या घडवत असेल, तर एक विनंती ऐका. मॉड कुलपात झाकून ठेवू नका. नाव घाला आणि सगळ्यांच्या जागी ठेवा. तुमच्याही रस्त्यावर कुणीतरी हात वर करून उभं असेल.