बाबांच्या पट्ट्यावरचा आकडा

पट्टा खोटं बोलत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाबांबद्दल मात्र त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.

बाबा न्हावी. हृदयाच्या दुखण्यातून उठल्यापासून दुकान बंद होतं. रोज संध्याकाळी भरभर चालायचं, शरीर किती कॅलरी जाळतं ते मनगटावरचा पट्टा मोजणार आणि पुढच्या तपासणीला आकडे पटले तरच दुकान उघडायचं, असं ठरलं होतं. आकड्यांवर नजर ठेवायचं काम धाकटीनं ओढूनच घेतलं. शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून ती घरात कुणाला सुट्टी देत नव्हती. बाबा तिला फौजदार म्हणायचे.

आकडे झकास येत होते, आणि फौजदाराला तेच खटकत होतं. बाहेर अवकाळी पावसानं घोटाभर चिखल आणि बाबांचे बूट कोरे करकरीत.

"आज कुठवर गेला होतात?"

"तळ्यापर्यंत."

"बदकं होती?"

"होती की. मजेत पोहत होती."

तळं साफ करायला कधीच उपसून कोरडं केलं होतं. धाकटीनं हे पोटात ठेवलं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अगं, या मॉपचे दोरे आखूड कसे होत चाललेत? उंदीर कुरतडतो म्हणावं, तर इतका एकसारखा?"

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे.

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप त्यांच्या मागं निघाली. काखेत गुंडाळी घेऊन बाबा तळ्याकडे न वळता थेट दुकानात शिरले. तिनं अर्ध्या शटरखालून डोकावलं. खुर्चीत मॉप बसला होता, गळ्याशी कापड बांधून, अगदी रुबाबात. समोर स्टुलावर बाबा. ते एक दोरा कापत आणि मग न्हाव्यांच्या सवयीनं कात्री हवेतच वाजवत राहत, कच कच कच. मनगट जोरजोरात हले आणि बिचारा पट्टा त्यालाच चालणं समजून मोजत बसे.

"गिऱ्हाईक नवीन दिसतंय," धाकटी म्हणाली.

कात्री थांबली. हात मात्र थांबला नाही. तो थरथरतच राहिला.

"दुखण्यापासून असंच आहे," बाबा हळूच म्हणाले. "उद्या कुणाच्या कानाला लागलं तर? हात बसवायलाच इथं येतो. आकडा आपोआप वाढला, मी म्हटलं बरंच झालं. आईला सांगू नकोस."

"पट्टा फसला हो. हृदय कसं फसेल?"

बाबांनी कात्री खाली ठेवली.

तिनं मॉपला उठवलं आणि कमरेपर्यंतची वेणी सोडली. अख्खा वर्ग जिच्यावर जळायचा, ती वेणी. "आधी तळ्यापर्यंत चालून यायचं. मग हे डोकं तुमचं. आणि हाताचं डॉक्टरीणबाईंना मी सांगणार."

"आणि कान कापला तर?"

"दोन आहेत."

दोघं कोरड्या तळ्यापर्यंत गेली. बाबांना दम लागला, वाटेत थांबावं लागलं. परत आल्यावर तिनं आकडा पाहिला. आजवरचा सगळ्यात लहान. तिचा पहिल्यांदाच त्यावर विश्वास बसला.

ती खुर्चीत बसली. बाबांनी थरथरत्या हातानं कापड बांधलं, कात्री उचलली.

"थांबा," डोळे घट्ट मिटून फौजदार म्हणाली. "पट्टा काढून आधी माझ्याकडे द्या."