लाल टाक्यांचा काळा झगा

दार लावलंत की मागे खुंटीवर जो दिसतो ना मित्रांनो, काखेत विरलेला, खोकल्याच्या गोळ्यांचा वास मारणारा, तो मी. मी एक जुना काळा झगा आहे. न्यायाधीश घालतात तसला. पण मी कुणा एका न्यायाधीशाचा नाही. मी बदलीवाल्यांचा.

म्हणजे असं बघा. आमच्या सफरचंदांच्या खोऱ्यात हे मुलांचं कोर्ट आहे. इथल्या खऱ्या न्यायाधीशबाईंचा झगा वेगळा, रेशमी अस्तराचा, तो कपाटात कुलपात असतो. बाई आजारी पडल्या की गावातल्या एखाद्या वकिलाला एका दिवसाचा न्यायाधीश करतात. सकाळी येतो, मला चढवतो, संध्याकाळी मला खुंटीला टांगून घरी जातो. बरं, तो बसण्याआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी 'चालेल' म्हणावं लागतं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तर उठ बाबा, काढ झगा. असा आमचा रुबाब.

माझा जन्म चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे शिवणाऱ्या दुकानात झाला, म्हणून बाह्या अशा ऐसपैस. माझी भावंडं दर रविवारी गातात आणि मी इथं पोरांचं रडणं ऐकतो. माझ्यात कोण कोण बसून गेलं म्हणून सांगू. एक वकील एवढे किडकिडीत, की सकाळी माझ्यात शिरले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला सापडलेच नाहीत. एक असे आडवे, की त्यांना शिंक आली आणि माझं बटण उडालं ते रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जाऊन पडलं. आणि एकदा तर बदलीवाला आलाच नाही. मग मीच उठलो, एकटाच जाऊन खुर्चीत बसलो आणि दोन खटले चालवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट आमची कारकून डार्ला म्हणाली, "आजचे साहेब कमी बोलतात, बरं वाटतं."

हसा. आता हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फार नाही.

खऱ्या बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नेल्डा प्रुइट नावाच्या वकीलबाई बदलीवर यायला लागल्या. एरवी त्या बागांच्या खरेदीखतांची कामं करायच्या. त्यांच्यापुढं टेसा आली. तेरा वर्षांची, केस कात्रीनं घरीच कापलेले. आई गेल्यावर ती लॉर्ना मावशीकडं राहायची. मावशीकडं एकच खोली, म्हणून धाकट्या ओटिसला घाटापलीकडच्या परक्या कुटुंबात ठेवलेलं. त्याला भेटायला टेसानं शेजाऱ्याचा पिकअप ट्रक पळवला आणि तो चरात घातला. सरकारी वकील ब्रांट यांचं म्हणणं, पोरगी याआधीही पळालीय, हिला सुधारगृहात पाठवा. त्या दिवशी नेल्डाबाईंना मात्र दोन्ही बाजूंनी 'चालेल' म्हटलेलं होतं.

"गाडी चालवायला कुणी शिकवलं तुला?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. बागेत मावशीचा ट्रॅक्टर चालवते मी. पिकअप त्याच्यापेक्षा सोपा आहे. त्याचा हॉर्न तरी वाजतो."

"मग चरात कसा गेला?"

"हरीण आलं आडवं. मी त्याला वाचवलं. ते कुणीच लिहिलं नाही."

ब्रांट म्हणाले, "हरणाची साक्ष घ्यायची का आता?"

"घ्या की," टेसा म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. "बाई, एक सांगू? तुमची बाही उसवलीय."

सगळं कोर्ट हसलं. डार्लानं तोंडावर हात धरला. मी काळाच आहे म्हणून बरं, नाहीतर लाजून लाल झालेला दिसलो असतो. बाईंनी बाही वर करून बघितली आणि म्हणाल्या, "खरंच की गं."

मग त्या पुढं वाकल्या. "हे बघ टेसा. मावशीकडं राहा, एक दिवस शाळा बुडवू नको. ओटिसला भेटावंसं वाटलं तर मावशीला सांग, पिकअपला नको. एवढं केलंस तर पुढच्या तारखेला मी हा खटला बंद करते."

"तुम्हीच असाल?"

"मीच असेन. याच खुर्चीत."

कागदावर फक्त पुढची तारीख पडली. बाकीचं लिहायचं कशाला, आपणच तर असणार, असं बाईंना वाटलं. आपण एक दिवसाच्या आहोत हे बदलीवाल्यांनी विसरू नये. चांगल्या मनाचे तेवढे विसरतात. खोलीत आल्यावर त्यांनी पर्समधून सुई काढली. दोरा लालच निघाला. "असू दे," त्या म्हणाल्या, "पोरीनं सांगितलंय तर आजच शिवायला हवी." काळ्या बाहीवर लाल टाके. मला वाटलं, लग्नालाच निघालोय.

तारीख आली. नेल्डाबाई लवकर आल्या, मला घातलं, आरशात बघितलं. तेवढ्यात डार्ला आत आली.

"बाई, झगा काढा."

"का गं?"

"ब्रांट म्हणतात, आज तुम्ही चालणार नाही. या बाई पोरांच्या बोलण्याला भुलतात म्हणे."

"मग कोण बसणार?"

"शेजारच्या जिल्ह्याचे हॅस्केलसाहेब आलेत. ते कायमचे न्यायाधीश, त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. फक्त स्वतःचा झगा घरी विसरलेत."

बाईंनी मला काढलं, पण हातातून सोडेनात. "डार्ला, मी त्या मुलीला शब्द दिलाय. साहेबांच्या कानावर घालते मी, दोन मिनिटं."

"नका घालू," डार्ला हळू आवाजात म्हणाली. "बाहेरच्यानं न्यायाधीशांशी खटल्याबद्दल बोलायचं नसतं, बोललात तर मला वर कळवावं लागेल. आत्ता या इमारतीत तुम्ही कुणी नाही, बाई."

मग मी हॅस्केलसाहेबांच्या अंगावर चढलो आणि कोर्टात गेलो. टेसा मावशीशेजारी बसली होती, इस्त्रीचा शर्ट घालून. तिला आधी माझी बाही दिसली, लाल टाके दिसले. ती एवढी छान हसली. मग तिनं वर बघितलं.

"त्या बाई कुठंयत?"

"कोणत्या बाई?" साहेबांनी विचारलं.

"याच झग्यातल्या. त्यांनी सांगितलं होतं, मी शाळेत गेले तर... मी गेले. विचारा मावशीला. ताप होता तरी गेले."

तिचा वकील उठला, म्हणाला, होय, बाई तसं बोलल्या होत्या. साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिले. माणूस वाईट नव्हता. माझ्या आत त्यांचं काळीज हललेलं मला कळत होतं. पण ते म्हणाले, "इथं तसं काही नाही. न लिहिलेल्या शब्दावर मी हुकूम कसा काढू?"

ब्रांटनी गाडीची चोरी आणि आधीचं पळणं वाचून दाखवलं. टेसाला सुधारगृहात पाठवायचं ठरलं, उन्हाळा संपेपर्यंत. ते गावही ओटिसच्या उलट्या दिशेला.

ती रडली नाही. नेताना मावशीला एवढंच म्हणाली, "बाही शिवली त्यांनी."

"जाकीट घाल," लॉर्ना मावशी म्हणाली. "थंडी आहे बाहेर."

नेल्डाबाई पुन्हा बदलीवर आल्या नाहीत. डार्ला फोन करते, त्या नाही म्हणतात. नवे बदलीवाले मला चढवताना विचारतात, "हा लाल दोरा कुठल्या शहाण्यानं घातला?" आणि खिशात गोळ्यांचे कागद टाकून जातात.

मित्रांनो, मी एकट्यानं दोन खटले चालवले ती थाप होती, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. तसं येत असतं तर त्या दिवशी साहेबांच्या अंगावर मी गप्प बसलो असतो का? मला जपा, ऊन दाखवा, उसवलं तर कुठल्याही रंगानं शिवा. पण तुमच्यातलं कुणी कधी दुसऱ्याच्या जागेवर एक दिवस बसलं, तर झगा टांगण्याआधी खिसे तपासा. कुणाला शब्द दिला असेल तर तोही बाहेर काढा आणि लिहून पुढच्याच्या हातात द्या. माझ्या खिशात ठेवून जाऊ नका. ती पोरगी माझ्याकडं बघत होती, आणि मला बोलता येत नव्हतं.