पडद्यावरचा मुंजाजी

मित्रांनो, मी एक जुनी मुकी फिल्म आहे. गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात पडून असते. माझी गोष्ट मला मान खाली घालूनच सांगावी लागते.

माझा जन्म परदेशातला. माझ्यात दातांचा एक डॉक्टर आहे. दुखरा दात सोडून तो चांगलाच दात उपटतो, रोग्याच्या छातीवर गुडघा रोवतो आणि शेवटी दोघेही खुर्चीसकट उलथतात. बोलपट आले आणि मी अडगळीत गेले. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर सोनपेठच्या लिंबाजीने मला हैदराबादेहून आणलं. बाजाराच्या दिवशी तो तंबू ठोकायचा, हाताने यंत्र फिरवायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते ओरडून सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. मी खूप मिरवले.

तंबूशेजारी मुंजाजी तरट पसरून बसायचा. बाजारात लोकांचे दुखरे दात काढणं हा त्याचा धंदा. एकदा लिंबाजीला चेव आला. डॉक्टर दिसताच तो ओरडला, "बघा, आला आपला मुंजाजी! आता चांगलाच दात उपटतोय बघा!" सगळा तंबू हसून बेजार झाला. मुंजाजी मागेच उभा होता. बायकोला, छबूबाईला, हौसेने सिनेमा दाखवायला आणलं होतं त्याने. तिने तोंडाला पदर लावला आणि दोघं बाहेर पडली. मी मात्र तशीच फिरत राहिले. किती लाज वाटली मला!

पुढच्या बाजारापासून त्या तरटावर कोणी बसेना. सुजल्या गालाची माणसंसुद्धा हसत पुढे जायची. "ह्यास्नी आता कुणाच्या तरी शेतावर सालानं गडी म्हणून राहावं लागतंय," छबूबाई शेजारणीला सांगत होती. ते लिंबाजीने ऐकलं. मला काखेत मारून तो भर बाजारात त्या तरटावर जाऊन बसला.

"मुंजाजी, लय चुकलं माझं. समद्यांदेखत माझा एक दात काढ."

बघे जमले. मुंजाजीने बोटाने एकेक दात हलवून पाहिला. "कोणता दुखायलाय?"

"कोणताच न्हाई."

मुंजाजीने चिमटा खाली ठेवला. "मग ऊठ. चांगला दात मी काढत न्हाई. ते तुझा पडद्यावरला काढतो."

कोणी हसलं नाही. गर्दीतून गाल धरून पारूबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिला बसायला जागा हवी होती, म्हणून लिंबाजीला उठावं लागलं. त्याची मान वर होईना. माझीही नाही.

मित्रांनो, माझ्या डब्याचा गंज पुसा, एवढंच मागणार होते. पण आधी दुसरं मागते. मला कधी पडद्यावर लावलंत, तर त्या डॉक्टरला कुणाचंही नाव देऊ नका.