डावं डोकं कुणाचं

चिंगीनं जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. व्हिडिओवाल्या कंपनीचा मेल आला होता. ‘उघड्या शरीराचं प्रदर्शन’ केल्याबद्दल तुमच्या चॅनलला तिसरा स्ट्राइक, म्हणजे शेवटची ताकीद, देण्यात येत आहे, सात दिवसांत अपील मंजूर झालं नाही तर चॅनल कायमचं बंद, आणि निकाल लागेपर्यंत नवा व्हिडिओ टाकता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

चॅनल नळदुरुस्तीचं होतं. त्यात उघडं काही असलंच तर पाइप. चिंगीनं डबा बाजूला सारला.

ही चिंगी म्हणजे काही दोन वेण्यांची पोर नव्हे. चांगली बत्तीस वर्षांची बाई, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला. चॅनल तिच्या बाबांचं आणि काकांचं. दोघे भाऊ पस्तीस वर्षं एकाच दुकानातून नळाची कामं करत होते आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कारण काय, तर एक वॉशर. एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात तो कुणीतरी उलटा बसवला, पाणी खालच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडलं, आणि हे काम कुणाचं यावरून दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच.

तेव्हापासून निरोप्याचं काम चिंगीकडे. बाबा ऑफिसात फोन करून म्हणत, “तुझ्या काकाला सांग, मोठा पान्हा दे.” मग चिंगीनं काकांना फोन लावायचा. काका म्हणत, “बाबांना सांग, त्यांच्या डोक्यावरच लटकतोय.” दोघे बसलेले असत तीन फुटांवर. पुढे तिनं हात टेकले आणि ही चॅनलची युक्ती काढली. प्रेक्षकांना निरोप चालत नाहीत, कॅमेऱ्यासमोर थेट बोलावं लागेल, असं तिनं ठणकावून सांगितलं. दोघे महिनाभर कुरकुरले. शेवटी कॅमेऱ्यासमोरचं बोलणं हे बोलणं नव्हेच, ते काम, अशी दोघांनी आपापली समजूत घातली. कॅमेरा चालू असला की “दादा, वॉशर दे” आणि “घे रे”. बंद झाला की दोघेही मूग गिळून बसत. दर आठवड्याला एक व्हिडिओ, म्हणजे दर आठवड्याला बारा मिनिटं. चिंगीला चॅनलच्या प्रसिद्धीशी काही देणंघेणं नव्हतं, तिला ती बारा मिनिटं हवी होती.

आधीचे दोन स्ट्राइक तिच्याच थंबनेलमुळे, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रामुळे, आले होते, हे कबूल करायला हवं. पहिल्यात तिनं ‘या नळानं अख्खं घर बुडवलं’ असं लिहून मागे महापूर लावला होता. व्हिडिओतला नळ मिनिटाला एक थेंब गळत होता. दुसऱ्यात मोरीच्या पाइपातून निघालेला केसांचा गोळा लाल वर्तुळात दाखवला होता आणि कंपनीला ते मेलेलं जनावर वाटलं होतं. मग मात्र तिनं चाळीस पानांचे नियम पाठ केले. खोटं नको, रक्त नको, किळसवाणं नको, तोंड वासलेले चेहरे नकोत. तिसऱ्या वेळी तर चेहऱ्यांची भानगडच नको म्हणून तिनं दोघांचा मागून फोटो काढला. सिंकखाली शेजारी शेजारी वाकलेले दोन भाऊ. छोट्या पडद्यावर नीट दिसावं म्हणून फोटो चारी बाजूंनी कापत नेला आणि उजेड वाढवला. त्यात गैर काय होतं?

तिनं फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि डोळे बारीक करून पाहिलं. सिंक कापलं गेलं होतं. पाइप कापला गेला होता. कान कापले गेले होते. उरली होती दोन गुळगुळीत, गोरीपान टकलं, एकमेकांना चिकटलेली, आणि मध्ये एक उभी काळी फट.

नियमांतला एकही नियम न मोडता तिनं आपल्या बाबांचं आणि काकांचं बूड साऱ्या जगाला दाखवलं होतं.

संध्याकाळी ती दुकानात गेली. सांगणं भाग होतं, पण मुलीनं बापाला हे सांगावं कसं? शेवटी तिनं फोन काउंटरवर उभा केला, दोघांना दाराशी नेलं आणि म्हणाली, “इथून बघा.”

दोघांनी डोळे बारीक केले, मग दोघांचेही हात आपापल्या टकलावर गेले.

“तुझ्या काकाला सांग,” बाबा म्हणाले, “म्हणावं टोपी घालत जा.”

“बाबांना सांग, टोपी त्यांनीच घालावी. माझं एकट्याचं डोकं असतं तर डोकंच वाटलं असतं.”

“भांडू नका. मला अपील लिहू द्या,” चिंगी म्हणाली. “तीनशे अक्षरांत लिहायचंय. डावीकडचं डोकं कुणाचं?”

“याचं,” दोघेही एकदम म्हणाले.

“माझं कसं असेल?” काका थेट बाबांकडे वळले. “दादा, डाव्यावर खोक दिसतेय. मी शिडीवरून तुझ्या डोक्यावर पान्हा टाकला होता, ती ही खोक.”

“टाकला नव्हतास, पडला होता.”

“तुला काय माहीत? टाकलाच होता.”

चिंगीनं कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. कॅमेरा बंद होता. झाकण लावून पेटीत होता. ती खाली मान घालून टाइप करत राहिली, ‘डावे डोके थोरल्याचे, उजवे धाकट्याचे. दोन्हींवर केस नाहीत. कृपया कानांच्या जागा पाहाव्यात.’ तिनं अपील पाठवून दिलं तरी पलीकडे पान्ह्याचा वाद चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ते वॉशरवर आले. तावातावानं, नावं ठेवत, पण थेट. तिला दिवसभरात एकही फोन आला नाही. टेबलावरचा फोन चालू आहे ना, हे तिनं चारदा पाहिलं.

शनिवारी दुपारी ती दुकानात बसली असताना निकाल आला. ‘आमच्या तपासनिसानं चित्र पाहिलं. डोकीच आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व. स्ट्राइक मागे घेतला आहे.’ चिंगीचा जीव भांड्यात पडला. तिनं सांगायला तोंड उघडलं.

समोर दोघे भाऊ जमिनीवर मांडी घालून बसले होते. मधे एक जुना नळ सुटा करून ठेवला होता. बाबा वॉशर उजेडात धरून म्हणत होते, “मी घाईत होतो रे त्या दिवशी. बसवलाही असेल उलटा.”

“मग तेव्हाच बोलायचं होतंस,” काका म्हणाले. त्यांनी नळ पुढे सरकवला. “आता बसव बघू.”

बाबांनी मान वर केली. “चिंगे, कंपनीचं उत्तर आलं का गं?”

हो म्हटलं की कॅमेरा निघणार आणि पुन्हा बारा मिनिटांपुरतं बोलणं. अकरा वर्षांत तिनं एकही निरोप गाळला नव्हता.

“नाही अजून,” चिंगी म्हणाली आणि फोन वॉशरच्या डब्याखाली सरकवला.